प्रदर्शन भरवायचंय? आधी फ्रेमवाल्याकडे जा

बेळगाव-निपाणी भागात एखाद्याच्या घरी पंचवीस-तीस चित्रं साठली की मित्रमंडळी मागं लागतात, ‘आता एक प्रदर्शन होऊन जाऊ दे.’ मग पहिली चौकशी होते हॉलच्या भाड्याची. भाडं परवडण्यासारखं निघालं की तारीख ठरते, पाहुणे ठरतात, आणि उद्घाटनाच्या आठ दिवस आधी फ्रेमवाल्याचं बिल हातात पडतं. तिथं माणूस खाली बसतो.

माझं म्हणणं एवढंच, की दालनाचं भाडं हा प्रदर्शनातला लहान खर्च असतो. मोठे खर्च तीन: फ्रेम, वाहतूक आणि परगावी राहणं. आपला भाग सरहद्दीवर असल्यामुळं चौथा एक खर्च वाढतो, कागदपत्रांचा. तो पैशांत थोडा असतो, पण वेळेवर केला नाही तर टेम्पो रस्त्यातच अडकतो. या लेखात प्रदर्शनाच्या खर्चाचे जे आकडे आहेत ते हिशेबाची रीत कळावी म्हणून धरलेले आहेत. ते कुठल्याही दालनाचं दरपत्रक नव्हे. आपल्या दुकानदाराचा, आपल्या टेम्पोवाल्याचा आकडा त्या जागी घालायचा आणि बेरीज पुन्हा करायची.

भिंत किती, चित्रं किती

बेळगावात चित्रप्रदर्शन म्हटलं की टिळकवाडीतल्या वरेरकर नाट्य संघाचं के. बी. कुलकर्णी कलादालन डोळ्यांसमोर येतं. के. बीं.च्या चित्रमंदिरात शिकून पुढं मोठे झालेले पुष्कळ आहेत. 1935 साली बेळगावात जन्मलेले रवी परांजपे त्यांतले सर्वांत ठाऊक असलेले. गुरूच्या नावाच्या दालनात पहिलं प्रदर्शन भरवण्याची हौस इथल्या मुलांना असते, आणि ती रास्त आहे. गावातलं दालन म्हणजे राहण्याचा खर्च नाही, जेवण घरचं, आणि बघायला येणारा निम्मा गाव ओळखीचा.

दालन ठरवण्याआधी तिथं टेप घेऊन जा. चित्रं किती लावायची हे घरातल्या ढिगावरून ठरत नाही, भिंतीच्या धावत्या फुटांवरून ठरतं. फ्रेमसकट दोन फूट रुंद चित्राला दोन्ही बाजूंची मोकळी जागा धरून तीन फूट लागतात. पाऊणशे फूट वापरता येणारी भिंत असेल तर पंचवीस चित्रं, जास्त नाहीत. चाळीस कोंबली की बघणाऱ्याला एकही नीट दिसत नाही, आणि वरच्या पंधरा फ्रेमांचे पैसे फुकट गेलेले असतात. दारं, खिडक्या, विजेचे बोर्ड, खांब हे वजा करून मोजायचं. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पावणेपाच ते पाच फुटांवर, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेसमोर यावा. हॉलमध्ये आधीच बसवलेली पट्टी आणि साखळी आहे का, की आपल्याला तंगूस आणि आकडे न्यायचे आहेत, तेही तिथंच बघून घ्या. खिळा ठोकू देणारी दालनं आता फारशी उरलेली नाहीत, आणि ठोकलाच तर अनामतीतून भिंतीची दुरुस्ती कापून जाते.

भाड्याची चौकशी करताना नुसता दिवसाचा दर विचारून फोन ठेवू नका. चित्रं चढवायचा दिवस भाड्यात धरतात की वेगळा? वीज वेगळी मोजतात का? जीएसटी दरात आहे की वर 18 टक्के येणार? विक्री झाली तर त्यावर टक्का आहे का? रात्री किल्ली कुणाकडं? तारीख रद्द करावी लागली तर किती परत? हे सगळं पावतीवर किंवा निदान व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. संस्थेचे पदाधिकारी ओळखीचे आहेत म्हणून तोंडी ठरवलेलं पुढच्या वर्षी पदाधिकारी बदलले की कुणाला आठवत नाही.

फ्रेमचा खरा हिशेब

जलरंगाचा पूर्ण ताव 22 बाय 30 इंचांचा. त्याचा अर्धा म्हणजे 15 बाय 22, आणि आपल्याकडे निसर्गचित्रं बहुतेक याच मापात होतात. चारी बाजूंनी तीन इंच माउंट दिला की बाहेरचं माप 21 बाय 28. चारी बाजूंची बेरीज 98 इंच, म्हणजे आठ फूट दोन इंच. पण पट्टी 45 अंशांत कापताना कोपऱ्यात तुकडे वाया जातात, म्हणून फ्रेमवाला नऊ फूट धरतो. पट्टी फुटाला 100 रुपये असेल तर 900. माउंट, काच, पाठीमागचा हार्डबोर्ड, कड्या आणि मजुरी मिळून आणखी 900 धरा. एका चित्राला 1,800 झाले.

आता दुकानात शिरल्यावर काय होतं बघा. फुटाला 100 वाली साधी काळी पट्टी ठरवून तुम्ही गेलेले असता. दुकानदार शेजारची सोनेरी किनारीची पट्टी चित्राच्या कोपऱ्याला लावून दाखवतो. ‘साठच रुपये जास्त आहेत.’ साठ गुणिले नऊ फूट 540, गुणिले पंधरा चित्रं, झाले 8,100. दिवसाला 2,000 रुपये भाडं धरलं तर तीन दिवसांच्या हॉलपेक्षा ती सोनेरी किनार महाग पडली. आणि प्रदर्शनात चित्राला सगळ्यांत जास्त मारक ठरणारी गोष्टही तीच, कारण बघणाऱ्याची नजर आधी फ्रेमवर जाते.

काटकसर करायची जागा वेगळी आहे. शक्य तेवढी चित्रं एकाच मापाची करा आणि पंधरा फ्रेमा त्याच मापाच्या करून घ्या. पाठ कागदी टेपनं कायमची बंद करू नका. फिरवून उघडणाऱ्या चाप्या लावून घ्या. चित्र विकलं गेलं आणि घेणाऱ्याला बिनफ्रेमचं हवं असलं तर फ्रेम तुमच्याकडंच राहते, पुढच्या प्रदर्शनाला चालते. पुष्कळ लोकांना घरच्या सोफ्याला जुळणारी फ्रेम स्वतःच करून घ्यायची असते. त्यांना फ्रेमसह आणि फ्रेमविना असे दोन दर सांगितले की तेही खूश, तुमचाही माल वाचतो.

कॅनव्हासला मात्र फ्रेम लागतेच असं नाही. कडा रंगवून, कापड लाकडी चौकटीवर मागं नीट वळवून घेतलं की ते तसंच लटकवता येतं. हल्ली तेच बरं दिसतं. फार तर पातळ सागवानी पट्टी.

माउंटचे पैसे मात्र कापू नका. आपल्या भागातला पाऊस जून ते सप्टेंबर भिंती ओल्या ठेवतो. काच कागदाला टेकली की मधली दमट हवा अडकून ठिपके पडतात, बुरशी धरते, आणि पुढच्या पावसाळ्यात ग्राहक चित्र घेऊन दारात उभा राहतो. माउंटमुळं काच आणि कागद यांच्यात फट राहते, तिचा उपयोग दिसण्यापेक्षा यासाठी जास्त. माउंटबोर्ड आम्लरहित मागा. साध्या पांढऱ्या पुठ्ठ्यानं काही वर्षांत चित्राच्या कडेला पिवळी रेघ उमटते. लांब न्यायची चित्रं असतील तर काचेऐवजी ॲक्रिलिक शीट घ्या. महाग आहे, त्यावर चरेही पटकन पडतात, पण कात्रजच्या आधी फुटत नाही.

गंमत म्हणजे मुंबईतल्या आधुनिक चित्रकलेच्या एका मोठ्या दालनाची सुरुवात फ्रेमांच्या धंद्यातूनच झाली. केकू गांधी यांचा केमोल्ड हा आधी फ्रेमांचा कारखाना. जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर त्यांचं दालन उघडलं ते 1963 साली. चित्रकारांची ये-जा दुकानात आधीपासून होतीच.

गावातल्या गावात तीन दिवस

पंधरा जलरंग 1,800 प्रमाणे 27,000. दहा कॅनव्हास पट्टीसह 1,200 प्रमाणे 12,000. फ्रेमांचे झाले 39,000. हॉल तीन दिवसांचा 6,000. छोटी पुस्तिका दीडशे प्रती, प्रत 60 रुपये, 9,000. दारावरचा आणि आतला फलक 2,500. उद्घाटनाला शंभर माणसांचा चहा-फराळ आणि पाहुण्यांची शाल मिळून 8,000. गावातल्या गावात टेम्पो येऊन-जाऊन 1,600. दालनात बसायला एक मुलगा तीन दिवस, 2,100. बेरीज 68,200. यात हॉलचा वाटा नऊ टक्केसुद्धा नाही.

पुस्तिकेबद्दल छापखान्यात एक विचारायचं: डिजिटल की ऑफसेट? ऑफसेटला प्लेटांचा खर्च सुरुवातीलाच येतो, त्यामुळं तीनशे प्रती आणि हजार प्रती यांच्या बिलांत वाटतो तेवढा फरक नसतो. दीड-दोनशेच हव्या असतील तर डिजिटल. पानं चारच्या पटीत धरा, नाहीतर कोऱ्या पानांचे पैसे द्याल. फोटो काच घालण्याआधी काढून घ्या. हे सांगावं लागतं, कारण निम्म्या पुस्तिकांत चित्रावर ट्यूबलाइट चमकत असते.

उद्घाटनावर आपण जरा जास्तच उधळतो. तीन पाहुणे, तीन शाली, तीन श्रीफळं, चार भाषणं, आणि भाषणं संपेपर्यंत कुंद्याची वाटी हातात घेऊन भिंतीला पाठ लावून उभे राहिलेले लोक. त्या गर्दीत चित्र कुणी घेत नाही. पाहुणा एकच बोलवा, तोही चित्रं समजणारा किंवा घेणारा, आणि वाचलेल्या पैशांत शेवटच्या दिवशी संध्याकाळी तासभर चित्र काढून दाखवण्याचा कार्यक्रम ठेवा. आपल्याकडं प्रात्यक्षिकाला लोक हमखास येतात आणि थांबतात. कोल्हापुरात रंगबहार संस्था टाऊन हॉलच्या बागेत ‘मैफल रंगसुरांची’ भरवते, तिथं झाडाखाली काम करणाऱ्या चित्रकारांभोवतीची गर्दी एकदा बघून या.

फलक आणि निमंत्रण मराठी, कन्नड दोन्हींत करा. नावफलकांवर 60 टक्के कन्नड हा नियम कर्नाटकात 2024 पासून कायद्यात आहे. तो धंद्याच्या आस्थापनांसाठी आहे, पण दारावरच्या फलकावरून ऐन उद्घाटनाला वाद नको असेल तर आधीच सोय केलेली बरी. शिवाय कन्नड वाचणारा ग्राहकही ग्राहकच. मजकूर मात्र कन्नड जाणणाऱ्याकडून तपासून घ्या. छापून आल्यावर चूक सापडली की फलकाचे पैसे दुसऱ्यांदा.

कोगनोळी ओलांडताना

निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. चाळीसेक किलोमीटर. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात चित्रं लावली की कलानिकेतन, दळवीज इथली मुलं येतात, जुने चित्रकार येतात, आणि कोल्हापूरच्या जाणकारांचं बोलणं ऐकायला मिळतं, जे कधीकधी विक्रीपेक्षा कामाचं असतं. पण कोगनोळीचा टोलनाका सोडून पुढं गेलात की राज्य बदलतं, आणि चित्र विकायला नेणं म्हणजे कायद्याच्या भाषेत दुसऱ्या राज्यात माल नेणं. जुलै 2017 मध्ये जीएसटी आल्यावर तपासणी नाक्यांवरच्या रांगा गेल्या, तरी फिरतं पथक हमरस्त्यावर कुठंही गाडी थांबवू शकतं.

नियम थोडक्यात असे. हातानं काढलेली चित्रं जीएसटीच्या अधिसूचित हस्तकलेच्या यादीत आहेत. तुमची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी नसतानाही ती दुसऱ्या राज्यात विकता येतात. अट दोन गोष्टींची: पॅन कार्ड आणि ई-वे बिल. इतर मालाला 50,000 रुपयांपर्यंत ई-वे बिल लागत नाही, ही सवलत इथं धरून चालू नका. नोंदणीविना हस्तकलेचा माल राज्याबाहेर नेताना किंमत कितीही असली तरी बिल काढावं लागतं. पोर्टलवर नोंदणी नसलेल्या नागरिकांसाठी वेगळी सोय आहे, फी नाही. दर 200 किलोमीटरला एक दिवस अशी बिलाची मुदत असते. मुंबईला निघालात तर तीन दिवस मिळतात. परत येताना न विकलेल्या चित्रांचं नवं बिल. चित्रांची यादी, मापं आणि अंदाजे किंमत लिहिलेलं चलन दोन प्रतींत गाडीत ठेवा.

ज्यांची नोंदणी आहे त्यांच्यासाठी डिसेंबर 2017 च्या परिपत्रकात स्पष्ट केलेलं आहे, की चित्र दालनाकडं पाठवताना कर नाही. डिलिव्हरी चलन आणि ई-वे बिलावर माल न्यायचा, विकलं गेलं की बिल फाडायचं आणि तेव्हा आंतरराज्य कर भरायचा. चित्रांवरचा दर 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्के झालेला आहे. जुन्या दराचं अंदाजपत्रक कुणी पुढं केलं तर हे दाखवा. पहिल्या वेळी सीएकडं एक चक्कर मारा. हजार-पाचशेची फी जाईल, पण त्याच कागदांची नक्कल पुढं दरवेळी वापरता येते.

सरहद्द कशी आहे पाहा: निपाणीला लागूनच असलेलं अर्जुननगरचं देवचंद कॉलेज कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रात येतं. तिथल्या सभागृहात चित्रं विकायला लावायची तर निपाणीचा चित्रकार परराज्यात गेला. रिक्षातून चार चित्रं नेणाऱ्याला कुणी अडवेल असं नाही, पण नियम रिक्षालाही तोच.

मुंबईचं स्वप्न, मुंबईचं बिल

जहांगीर आर्ट गॅलरी 1952 साली उघडली. आजही काळा घोड्याच्या त्या दालनात नाव लागणं म्हणजे घरच्यांना पटेल असा पुरावा. तिथं निवड समिती आहे, चित्रांचे फोटो आणि माहिती जोडून अर्ज करावा लागतो, आणि निवड झाल्यावरही तारीख मिळायला काही वर्षं थांबावं लागतं. लोक याला वैतागतात. मला ही मुदत फायद्याची वाटते. अर्ज आज टाका, दरम्यान बेळगाव, कोल्हापूर, पुण्यात बालगंधर्व कलादालन असं हात साफ करत राहा, आणि तारीख येईपर्यंत फ्रेमा व पैसे दोन्ही साठवा. वरळीचं नेहरू सेंटर हा दुसरा अर्ज त्याच दिवशी टाकायचा.

जहांगीरचं प्रदर्शन मंगळवार ते सोमवार असं आठवड्याचं असतं. आता बेळगावहून हिशेब मांडा. अंतर जवळपास 500 किलोमीटर. टेम्पोवाला चित्रं उतरवून रिकामा परत येतो, त्याचे पैसे तुम्ही देता. आठवड्यानं तो पुन्हा रिकामा जातो, उरलेली चित्रं घेऊन येतो. म्हणजे 500 नव्हे, 2,000 किलोमीटर. किलोमीटरला 18 रुपये धरले तरी 36,000, टोल वेगळा. पुण्यापर्यंतच हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर असे सहा नाके. राहणं नऊ रात्री 1,800 प्रमाणे 16,200. जेवणखाण 5,400. पुस्तिका तीनशे प्रती 18,000. उद्घाटन 10,000. फ्रेमा त्याच, 39,000. दालनाचं भाडं अजून धरलेलंच नाही आणि आकडा 1,24,600 वर गेला. एक चित्र सरासरी 12,000 ला गेलं असं मानलं तर पंचवीसपैकी अकरा विकली गेल्यावर हा खर्च निघतो. रंग, कॅनव्हास आणि वर्षभराची मेहनत त्यानंतर.

हा आकडा खाली आणायचे मार्ग आहेत. तिघांनी मिळून दालन आणि टेम्पो घ्या. एकमेकांच्या चित्रांचा पट्टा जुळत असेल तरच. एक व्यक्तिचित्रकार, एक अमूर्त आणि एक गणपती काढणारा असे तिघे शेजारी टांगले की तिघांचंही नुकसान. टेम्पोऐवजी लाकडी खोका करून मालवाहतूक कंपनीच्या पार्ट लोडनं पाठवा. खोक्याचा खर्च एकदाच. कॅनव्हास चौकटीवरून काढून गुंडाळून न्या आणि मुंबईत पुन्हा ताणून घ्या, मात्र रंगाचा थर जाड असेल तर नको, तडे जातात. भरताना चित्रं तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ, मध्ये नालीदार पुठ्ठा. काचेवर कागदी टेपची फुली, म्हणजे फुटलीच तर तुकडे चित्रावर घसरत नाहीत. डोंबिवलीच्या मामांकडं राहून हॉटेलचे पैसे वाचतात, पण दालन सातला बंद करून लोकलनं परतायचं आणि सकाळी पुन्हा चर्चगेट किंवा सीएसएमटी गाठायचं, हे आठवडाभर झेपेल का ते वयाप्रमाणं ठरवा.

आणि सगळ्यांत स्वस्त मुंबई हवी असेल तर एकल प्रदर्शन सोडाच. बॉम्बे आर्ट सोसायटी 1888 पासूनची, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया 1918 ची. दोघींची वार्षिक प्रदर्शनं असतात, देशभरातून प्रवेशिका येतात. प्रवेश फी परत मिळत नाही, निवड झाली तर चित्र पोचवणं आणि आणणं तुमच्याकडं. पण दोन चित्रांचाच खर्च, आणि निवड झाली तर ती पुढच्या प्रत्येक अर्जावर लिहिता येते. सरकारी प्रदर्शनांची फी भरण्याआधी अधिवासाची अट वाचा. सरहद्दीवरच्या माणसाला दोन्हीकडची नियमावली वाचावी लागते.

मेळ्यांमधला फरक

‘आर्ट फेअर’ हे नाव सरसकट सगळ्यांना लावतात, पण दारं वेगवेगळी आहेत. दिल्लीचा इंडिया आर्ट फेअर 2008 पासूनचा, मुंबईचा आर्ट मुंबई 2023 पासूनचा. हे दालनांचे बाजार. तिथं तुमचं चित्र जायचं तर एखाद्या दालनानं तुम्हाला घेतलेलं असावं लागतं. चित्रकाराला तिथं जाण्याचा खर्च म्हणजे तिकीट आणि प्रवास, आणि एकदा तो करावा, किमती आणि मांडणी बघायला. इंडिया आर्ट फेस्टिव्हल वेगळा; त्यात स्वतंत्र चित्रकारालाही स्टॉल मिळतो, मुंबईत वरळीच्या नेहरू सेंटरला. स्टॉलचं भाडं मात्र हॉलच्या भाड्यासारखं चिल्लर नसतं, म्हणून तीन-चार जणांत वाटून घेतात.

आपल्या खिशाला सर्वांत जवळचा मेळा बेंगळूरची चित्रसंते. कर्नाटक चित्रकला परिषद 2003 पासून ती भरवते, जानेवारीच्या सुरुवातीच्या एका रविवारी. कुमारकृपा रस्ता वाहनांना बंद होतो आणि दुतर्फा देशभरातले हजारावर चित्रकार बसतात. फी थोडी, दिवस एकच, दालन नाही, दिवे नाहीत, फ्रेमही लागत नाही. अर्ज आदल्या वर्षाच्या शेवटी मागवतात. दिवाळी झाली की परिषदेच्या सूचनांवर लक्ष ठेवा. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री निघायचं, सकाळी बेंगळूर. वर ई-वे बिलाची भानगड नाही, कारण राज्य तेच. अट एकच: माल हलका आणि दर बेताचे. लोक सहकुटुंब फिरायला येतात, हातात धरून नेता येईल असं घेतात. चाळीस हजारांचा कॅनव्हास तिथं दिवसभर उन्हात तापतो; दोन-अडीच हजारांची छोटी जलरंगचित्रं पाकिटात घालून ठेवली तर दुपारपर्यंत गड्डी निम्मी होते.

ज्या मेळ्यांपासून लांब राहायचं तेही सांगतो. परदेशातल्या दालनानं आपलं काम ‘निवडलं’ आहे, फक्त भिंतीचे आणि पुस्तकातल्या पानाचे पैसे भरा, असा ईमेल येतो. ज्यानं तुमचं एकही चित्र मागवून पाहिलं नाही त्यानं चित्र निवडलेलं नसतं, तुमचा पत्ता निवडलेला असतो. दुसरा प्रकार फोनचा: फौजेतला अधिकारी बोलतोय, चार चित्रं घेतो, पैसे पाठवायला क्यूआर कोड पाठवला आहे, तेवढा स्कॅन करा. पैसे घ्यायला कधीही पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला की फोन बंद.

दर आणि टक्का

किंमत मनाच्या लहरीवर ठेवली की ओळखीचा माणूस पहिल्या वाक्यात निम्मी करतो. चौरस इंचाचा दर ठरवा. 20 रुपये धरला तर 15 बाय 22 चं चित्र 330 इंच, 6,600. 24 बाय 36 चं 864 इंच, 17,280. फार मोठ्या चित्राला दर थोडा कमी, फार लहानाला जास्त. यादी छापा आणि दारात ठेवा. वर्तमानपत्रात हुसेनांचं ‘ग्रामयात्रा’ 2025 मध्ये 118 कोटींना गेल्याची बातमी वाचून कुणी आपला दर वाढवत असेल तर त्यानं आधी मागच्या वर्षी स्वतःची किती चित्रं विकली गेली ते मोजावं.

भाड्याच्या दालनात विक्री बहुधा तुमची तुम्हाला. व्यावसायिक दालन भाडं घेत नाही, पण विक्रीतला तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत वाटा घेतं. 20,000 च्या चित्रावर 40 टक्के गेले तर 8,000. फ्रेमचे 2,000 वजा करा, हातात 10,000. हे लुबाडणं नव्हे; जागा, दिवे, माणसं आणि मुख्य म्हणजे घेणाऱ्यांची वही त्यांची असते. फक्त फ्रेम, विमा, परतीची वाहतूक आणि सवलत कुणाच्या वाट्यातून हे करारात असू द्या, आणि पैसे किती दिवसांत मिळणार तेही. दालनातला दर आणि घरचा दर एकच ठेवा. घरी 12,000 ला दिलेलं चित्र दालनात 20,000 ला दिसलं की घेणारा दोघांकडंही फिरकत नाही.

घेणाऱ्यांसाठी

प्रदर्शनातून पहिलं चित्र घेणाऱ्याला भीती असते ती फसण्याची. विचारायला लाजू नका. हे हातानं काढलेलं आहे की छापील कॅनव्हासवर वरून रंग फिरवलेला? भिंग नाहीतर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेला की छपाईचे ठिपके दिसतात. छापील प्रत वाईट नसते, पण ती प्रतीच्या दरात घ्यावी. बिल घ्या, आणि चित्राचं नाव, माध्यम, माप, साल आणि चित्रकाराची सही असलेला कागद घ्या. पुढं विकायची वेळ आली तर याच कागदाला किंमत आहे. दाखवलेला दर फ्रेमसह आहे का ते विचारा. हप्ते मागितले तर चित्रकार बहुधा नाही म्हणत नाहीत.

चित्र तुमचं झालं तरी त्याचा कॉपीराइट चित्रकाराकडंच राहतो. ते कंपनीच्या कॅलेंडरवर किंवा लग्नपत्रिकेवर छापायचं तर परवानगी हवी. उलट, वडिलांचं व्यक्तिचित्र पैसे देऊन काढून घेतलंत आणि वेगळा करार केला नाहीत, तर त्याचा पहिला कॉपीराइट काढून घेणाऱ्याचा. बेळगावात व्यक्तिचित्रांची कामं पुष्कळ होतात, म्हणून ही गोष्ट दोन्ही बाजूंनी आगाऊ रक्कम देता-घेताना लिहून ठेवावी, आणि चित्रकाराला ते प्रदर्शनात लावायचं असेल तर तेही. आगाऊ रक्कम साधारण निम्मी. आवडलं नाही तर किती वेळा बदल करून मिळणार, हेही तेव्हाच ठरवा, कारण नाक वडिलांसारखं नाही असं घरातलं प्रत्येक माणूस वेगवेगळ्या वेळी सांगतं.

चित्र पश्चिमेच्या, पावसानं भिजणाऱ्या भिंतीवर लावू नका. स्वयंपाकघराला लागून नको, थेट उन्हात नको. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराच्या गोळ्या चिकटवल्या की भिंत आणि चित्र यांच्यात हवा खेळती राहते. आणि प्रदर्शनात लाल टिकली लागलेलं चित्र त्याच क्षणी काढून मागू नका. ते शेवटच्या दिवशी संध्याकाळी मिळतं. जाताना जुनी चादर आणि सुतळी बरोबर न्या, दालनात त्या वेळी ती कुणाकडंच नसते.